आंबा घाट, पाच माणसं आणि १ लिटरचं टर्बो इंजिन: जमेल का?

मिरजोळे_७
नमस्कार मंडळी. चारेक वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतोय. सांभाळून घ्या.

घरी २०१२ची सेडान आहे. १.५ लिटर पेट्रोल, चार सिलिंडर, बिनटर्बोची (टर्बो म्हणजे इंजिनाच्या धुरावर फिरून आत जादा हवा कोंबणारा पंखा). १ लाख ४८ हजार किमी झालेत. इंजिन ठणठणीत आहे, पण पत्र्याला खारा वारा लागलाय. दाराच्या खालच्या कडेवर अंगठा दाबला की पोह्याचा पापड मोडल्यासारखा आवाज येतो. आता बदलायलाच हवी.

आमचा मुख्य प्रवास रत्नागिरी ते कोल्हापूर, महिन्यातून एकदा तरी. लेक तिकडे शिकते आणि आईचे डोळेही तिकडेच दाखवतो. हातखंबा, पाली, नाणीज, साखरपा आणि मग आंबा घाट. गाडीत मी, बायको, आई, धाकटा, आणि सुट्टी असली की येताना लेक. डिकीत जाताना तांदूळ, नारळ, मे महिन्यात आंब्याच्या पेट्या. एसी कायम चालू, कारण आईला काच उघडी चालत नाही आणि बंद काचेत एसीशिवाय कोणालाच चालत नाही.

उंच गाड्या नकोत, आईच्या गुडघ्यांना चढउतार जमत नाही. म्हणून सेडानच बघतोय. शोरूममध्ये गेलो तर बॉनेटखाली १ लिटरचं तीन सिलिंडरचं टर्बो! माझ्या आत्ताच्या इंजिनाच्या दोन तृतीयांश. सेल्समन म्हणतो, "सर, ताकद तेवढीच आणि ओढ जास्त." कागदावरचे आकडे त्याच्याच बाजूने आहेत, पण मन मानत नाही.

तर प्रश्न असा, की भरल्या गाडीने घाटात याला धाप लागते का? मी गाडी दहा-बारा वर्षं वापरणारा माणूस, तेवढं टिकेल का? आणि तिसरा प्रश्न हसू नका: आईला गाडी लागते. टर्बो एकदम झटका देतो म्हणतात, त्याने तिला जास्त त्रास होईल का?

सोलकढी_डबल
पहिल्याच धाग्यात पोह्याचा पापड. या, बसा. :)

वरचीआळी
हे सगळं टॅक्स वाचवण्यासाठी चाललंय. छोटं इंजिन, कमी कर. गिऱ्हाईकाला मात्र 'टेक्नॉलॉजी' म्हणून विकायचं. मोठ्या इंजिनाला पर्याय नाही, हे माझं स्पष्ट मत.

घाटमाथा
वरचीआळी, अर्धं बरोबर. करातली १२०० सीसी पेट्रोलची अट ४ मीटरच्या आतल्या गाड्यांना आहे. ही सेडान साडेचार मीटरची, तिला त्या सवलतीतलं काहीच मिळत नाही. आधीच्या जीएसटीत ४ मीटरच्या वरच्या गाडीला १५०० सीसीपर्यंत एकच सेस (जादा कर) होता, म्हणजे १ लिटर काय आणि १.५ लिटर काय, कर सारखाच. २२ सप्टेंबर २०२५ नंतर लहान गाड्या १८ टक्क्यांत गेल्या आणि बाकीच्या सरसकट ४० मध्ये. त्यातही १ लिटरची सेडान ४० मध्येच बसते.

मग कंपन्या हे का करतात? एक कारण धुराचे नियम. कंपनी वर्षभरात जेवढ्या गाड्या विकते त्या सगळ्यांची कार्बन डायऑक्साइडची सरासरी काढतात. तिची मर्यादा २०२२-२३ पासून किलोमीटरला ११३ ग्रॅमच्या आसपास आली, त्याआधी १३० होती. युरोपात तर ९५ वर नेली. चाचणीत गाडी हळूहळू चालवतात, तिथे छोटं इंजिन कमी पितं. दुसरं कारण साधं धंद्याचं. तेच इंजिन ४ मीटरच्या आतल्या एसयूव्हीत बसवलं की तिथे करसवलत मिळते. स्कोडाची कायलॅक बघा, आत तेच १ लिटर टीएसआय (फोक्सवॅगन गटाचं टर्बो पेट्रोल इंजिन) जे स्लाव्हियात आणि फोक्सवॅगनच्या व्हर्टसमध्ये आहे. एकच भाजी तीन पंक्तींना वाढायची.

वरचीआळी
बरं बुवा, टॅक्सचा मुद्दा मागे. मोठ्या इंजिनाचा नाही.

तारकर्लीचो_झील
आमचो आजो मारुती ८०० घेवन आंबोली चढायचो. आत सात माणसां, दोन कोंबे आणि डिकीत फणस. ती पण तीन शिलिंडराचीच होती. तेव्हा कोणी धागो काढूक नाय.

कुळीथपिठी
@तारकर्लीचो_झील, फणस खालच्या वळणावर उतरवून ठेवायचे आणि दुसऱ्या खेपेला न्यायचे, हे आजोबांनी सांगितलं नसेल.

तारकर्लीचो_झील
फणस नाय, आमका उतरवायचे. वळणावर धक्को मारूक.

गॅरेज_खेर्डी
चिपळूणला माझं छोटं गॅरेज आहे, २२ वर्षं झाली. टिकण्याबद्दल मी सांगतो, ओढीबद्दल बाकीचे सांगतीलच.

टर्बो म्हटलं की लोक दचकतात. पण मंडळी, तुमच्या सगळ्या डिझेल गाड्यांत टर्बोच होता की! स्विफ्ट, डिझायरमध्ये यायचं ते १.३ डिझेल आठवा, १२४८ सीसी. त्या टर्बोवर इकडच्या टुरिस्टवाल्यांनी दोन-दोन, तीन-तीन लाख किमी केले, घाटात, पाच-सात माणसं घालून. तेव्हा कोणी विचारलं नाही टर्बो टिकेल का म्हणून.

आता पेट्रोलचा फरक. पेट्रोलचा धूर डिझेलपेक्षा बराच तापलेला असतो. टर्बोचं चाक त्याच धुरावर फिरतं, मिनिटाला लाख-दीड लाख फेरे. त्याच्या दांड्याला आधार म्हणजे ऑइलचा पातळ थर. ऑइल जुनं झालं किंवा हलक्या प्रतीचं घातलं की ते तिथे करपतं. दुधाचं पातेलं गॅसवर विसरल्यावर तळाला काय होतं, तसंच. माझ्याकडे आलेल्या खराब टर्बोंपैकी बहुतेक ऑइलच्या हलगर्जीपणाचे बळी होते.

म्हणून तीन सवयी. ऑइल पुस्तकात लिहिलंय त्याच ग्रेडचं. गावातल्या गावात दोन-तीन किमीच्या फेऱ्या जास्त असतील तर बदलायचं अंतर कंपनी सांगते त्यापेक्षा कमी धरा, वर्ष तर उलटू देऊच नका. आणि घाट चढून माथ्यावर चहाला थांबलात तर शेवटचं अर्धा-एक किमी निवांत चालवा, किंवा अर्धा मिनिट इंजिन चालू ठेवून मग बंद करा. नव्या गाड्यांत बंद केल्यावरही पाणी फिरवणारा पंप असतो काहींना, तरी सवय वाईट नाही.

अजून एक. या इंजिनांत पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारतात, त्यामुळे हवेच्या झडपांची मागची बाजू पेट्रोलने धुतली जात नाही. कालांतराने तिथे काजळी बसते. काढायची म्हणजे खर्चाचं काम, बाहेर अक्रोडाच्या टरफलांचा भुगा मारून साफ करतात.

शिरगावची_सून
करवंटीचा भुगा चालेल का? आमच्याकडे ढिगाने आहे.

गॅरेज_खेर्डी
ताई, तुम्ही हसताय, पण माझ्या मनात खरंच आलं होतं!

फणसाळ
माझ्याकडे तीन वर्षं १ लिटर टर्बो सेडान आहे, मॅन्युअल. राहायला कुडाळला, महिन्यातून दोनदा आंबोली चढतो. ओढीबद्दल लिहितो.

आकडे आधी. त्या १ लिटर टीएसआयची ताकद ११५ पीएस आणि टॉर्क (म्हणजे ओढ) १७८ एनएम, तोही १७५० आरपीएमपासून (इंजिनाचे मिनिटाला फेरे) ४५०० पर्यंत सपाट. बिनटर्बोची होंडा सिटी १२१ पीएस, १४५ एनएम, पण तो टॉर्क ४३०० ला. म्हणजे घाटात सिटीवाल्याला इंजिन ओरडवावं लागतं, माझं २२०० वर गुमान चढतं. पाच माणसं घेऊन तिसऱ्या गिअरमध्ये सरळ चढ सहज निघतो. सेल्समन खोटं बोलला नाही.

पण त्याने अर्धंच सांगितलं. आंबोलीच्या आवळ वळणावर समोरून एसटी आली, तुम्ही जवळजवळ थांबलात, दुसरा गिअर, आरपीएम १२००. आता ॲक्सिलरेटर दाबा. काही होत नाही. टर्बो झोपलेला असतो, त्याला उठवायला धूर हवा आणि धुरासाठी इंजिन फिरायला हवं. तोवर तुमच्याकडे फक्त एक लिटरचं साधं इंजिन आहे, आणि त्यात पाच माणसं. एक-दीड सेकंदाने तो जागा होतो आणि मग नको तेवढी ओढ एकदम. मिरजोळेकाका, तुमच्या आईंना त्रास झाला तर या जागी होईल.

उपाय एकच, लाज सोडून पहिला गिअर टाका. जुन्या १.५ ला अशा ठिकाणी दुसऱ्यावर रडत-खडत का होईना निघायची सवय असते, ती इथे मोडावी लागते. मला सहा महिने लागले.

आडिवरे_ते_अंधेरी
फणसाळ यांना दणकून अनुमोदन. मी मित्राची अशीच गाडी भुईबावड्यात वळणावर बंद पाडली आणि मागच्या ट्रकवाल्याने जे काही ऐकवलं ते इथे लिहिलं तर आयडी जाईल.

घाटमाथा
फणसाळ, यात एक जोड. समुद्रसपाटीपासून वर जाताना हवा विरळ होते. बिनटर्बोच्या इंजिनाची ताकद दर १०० मीटरला साधारण १ टक्का कमी होते. आंबोली ६९० मीटर, म्हणजे माथ्यावर ६-७ टक्के गेलेच. कोल्हापूरही साडेपाचशेच्या आसपास. टर्बो हवा दाबूनच आत घालतो, त्यामुळे त्याला तेवढ्याचा फरक जवळपास पडत नाही. ज्या ठिकाणी चढ जास्त, नेमकं तिथेच साधं इंजिन थोडं दुबळं होतं.

वरचीआळी
पण आम्ही राहतो समुद्रकाठी. इथल्या हवेत मे महिन्यात उकडहंडी शिजते. गरम हवेत टर्बोची ताकद जाते, हे का कोणी सांगत नाही?

गॅरेज_खेर्डी
जाते, थोडी. दाबलेली हवा तापते, म्हणून इंटरकूलर असतो तिला गार करायला. घाटात वेग कमी, बाहेर ३६ अंश आणि गाडी भरलेली असली की इंटरकूलरला वारा कमी मिळतो. दुपारी बारापेक्षा सकाळी सहाला गाडी हलकी वाटते ती त्यामुळेच. बिनटर्बोलाही गरम हवा मानवत नाही, फक्त कमी जाणवतं.

मांडवी_खाडी
कोकणात टर्बोचा खरा शत्रू वेगळाच आहे. उंदीर.

माझ्या गाडीला महिनाभर घाटात जीवच नव्हता, आणि चढावर बारीक शिट्टी ऐकू यायची. सर्व्हिस सेंटरने (नाव नको) दोन वेळा 'सॉफ्टवेअर अपडेट' केलं, बिल लावलं. शेवटी गावातल्या मेकॅनिकने इंटरकूलरकडे जाणारा रबरी पाइप दाखवला. कुरतडून बोटभर भोक. टर्बो बिचारा हवा दाबतोय आणि ती बाहेर जातेय!

सोलकढी_डबल
तंबाखूची पानं बॉनेटखाली टांगा. आमच्याकडे चार वर्षं उंदीर नाही.

मांडवी_खाडी
टांगली. पानंही खाल्ली.

कुळीथपिठी
व्यसनी उंदीर निघाला :ड

शिरगावची_सून
मांजर पाळा. आमची मांजर बॉनेटवर झोपते, फक्त पंजांचे ओरखडे येतात. ओरखडे परवडले.

चाकरमानी_ठाणे
उंदरांमधून बाहेर या, मी गिअरबॉक्सबद्दल सांगतो. धागाकर्त्यांनी मॅन्युअल की ऑटोमॅटिक ते लिहिलंच नाही.

टर्बोबरोबर दोन जातीचे ऑटोमॅटिक येतात. एक जुन्या पद्धतीचा टॉर्क कन्व्हर्टर, जो १ लिटर टीएसआयला आहे, सहा गिअरचा. दुसरा ड्युअल क्लच, म्हणजे आलटून-पालटून चालणारे दोन क्लच, जो १.५ टर्बोंना देतात, सात गिअरचा. ड्युअल क्लच मोकळ्या रस्त्यावर लोण्यासारखा. पण गणपतीत माणगावच्या कोंडीत साडेतीन तास मुंगीच्या पावलाने सरकलो, आणि डॅशबोर्डवर क्लच गरम झाल्याची सूचना. बाजूला घेऊन बॉनेट उघडून उभे. मागे बसलेला मेहुणा म्हणाला, "भावोजी, लाल परीने आलो असतो तर आत्ता कणकवलीत असतो." कंपनीचं नाव सांगत नाही, मेहुण्याचंही नाही.

कोरड्या क्लचला अर्धवट पकडून सरकणं सोसत नाही, मग कोंडी असो की चढ. कोंडीत पुढच्या गाडीच्या शेपटीला चिकटून सरकू नका, जागा होऊ द्या आणि मग एकदम पुढे जा. टॉर्क कन्व्हर्टरला हा त्रास कमी, कारण तिथे मधे तेल असतं.

आडिवरे_ते_अंधेरी
कोंडीत जागा सोडा म्हणे. माणगावात जागा सोडली तर त्यात दोन रिक्षा, एक टेम्पो आणि ढोलपथक शिरतं.

देवगड_ते_डॅलस
अमेरिकेत हा सगळा खेळ आधी होऊन गेलाय, म्हणून दोन शब्द.

इथे कुटुंबाची सेडान म्हणजे अकॉर्ड, कॅमरी, सोनाटा या वर्गातली. पूर्वी वरच्या मॉडेलला सहा सिलिंडरचं व्ही-६ हमखास मिळायचं. ह्युंदाईने २०११च्या सोनाटात व्ही-६ काढून २ लिटर टर्बो दिलं. होंडाने २०१८च्या अकॉर्डमध्ये तेच केलं, १.५ आणि २ लिटर टर्बो. २०२३ला २ लिटर टर्बोही गेलं, आता १.५ टर्बो नाहीतर हायब्रिड (पेट्रोल इंजिनाच्या जोडीला विजेची मोटर). टोयोटा व्ही-६ धरून बसली होती, तिने २०२५च्या कॅमरीला सरसकट हायब्रिड केलं. टर्बोची पायरी तिने सेडानमध्ये जवळजवळ गाळलीच.

माझ्याकडे १.५ टर्बोची सेडान सहा वर्षं होती. शांत चालवली तर पेट्रोल खरंच कमी, घाईत चालवली तर जुन्या व्ही-६ एवढं. टर्बो म्हणजे चालवणाऱ्याच्या पायावर आहे सगळं. पाय जड असेल तर इंजिन छोटं असून उपयोग नाही, ते जास्त हवा घेतं, तेवढंच पेट्रोल घेतं.

(देवगडला आलो की भावाची जुनी डिझेल चालवतो आणि तिच्यावर जास्त जीव जडतो. असो.)

घाटमाथा
देवगड_ते_डॅलस, छान माहिती. भारतात होंडाने सिटीला पेट्रोल टर्बो दिलाच नाही, थायलंडमध्ये १ लिटर टर्बोची सिटी मिळायची. इथे २०२२ला सरळ हायब्रिड आणली.

वाशिष्ठीकाठ
मग हायब्रिडच घ्या की काका. ओढ पहिल्या क्षणापासून, कारण मोटर. टर्बो उठायची वाट बघायला नको. आईंनाही झटका नाही.

मिरजोळे_७
वाशिष्ठीकाठ, मलाही मोह झाला होता. पण डिकी! साध्या सिटीची ५०६ लिटर आणि हायब्रिडची ३०६, बाकीची जागा बॅटरीने घेतली. आमच्या घरात तांदूळ, नारळ आणि आंब्याच्या पेट्या मागे सोडून निघायचा ठराव मंजूर होणं शक्य नाही.

पेट्रोल_पंप_समोर
कोणी इथेनॉलबद्दल का बोलत नाही? सगळीकडे ई-२० (वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल) झालंय. माझा ॲव्हरेज पडला. टर्बोचं वाटोळं होणार.

घाटमाथा
इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या दोन तृतीयांश ऊर्जा असते, त्यामुळे ॲव्हरेज थोडा पडणारच. पण ऑक्टेन (दाबाखाली वेळेआधी न पेटण्याचा गुण) जास्त असतो, आणि हवा दाबणाऱ्या इंजिनाला जास्त ऑक्टेन मानवतो. नवी गाडी ई-२० साठीच बनवलेली असते. काळजी जुन्या गाड्यांच्या रबराची करा.

पेट्रोल_पंप_समोर
म्हणजे शेतकऱ्याच्या नावाखाली आमच्या खिशात...

व्यवस्थापन
इथेनॉलसाठी वेगळा धागा आहे, त्याला ९०० प्रतिसाद झालेत. तिकडे जावे. या विषयावरचे पुढचे सहा प्रतिसाद हलवले आहेत.

सोलकढी_डबल
सहाच? मी गेलो होतो चहा प्यायला, वाटलं साठ होतील.

लालडबा
माझे वडील एसटीत चालक होते, कुंभार्ली आणि आंबा दोन्ही घाटांत ड्युटी. चढण्याबद्दल सगळे बोलले, उतरण्याबद्दल कोणीच नाही.

छोट्या इंजिनाला उतारावर धरून ठेवायची ताकद कमी असते. मोठं इंजिन गिअरमध्ये टाकलं की गाडीला मागे ओढतं, कारण ॲक्सिलरेटर सोडल्यावर बंद झालेल्या वाटेतून हवा ओढायला त्याला जास्त जोर लागतो. एक लिटर तेवढं ओढत नाही, आणि उतारावर टर्बोचा काही उपयोग नाही. माझ्या भावाने नवी गाडी घेतल्यावर जुन्या सवयीने तिसऱ्यात कुंभार्ली उतरली आणि खाली पोफळीला येईपर्यंत ब्रेकचा करपट वास. वडील मागे बसले होते. काही बोलले नाहीत, नाकाला फक्त रुमाल लावला.

त्यांचा नियम होता: ज्या गिअरमध्ये चढशील त्याच गिअरमध्ये उतर. छोट्या टर्बोला त्याच्याही एक खालचा धरा.

गॅरेज_खेर्डी
लालडबा, वडिलांना माझा नमस्कार सांगा. हा प्रतिसाद धाग्याच्या वर चिकटवून ठेवण्यासारखा आहे. घाट उतरून आलेल्या किती गाड्यांच्या ब्रेक डिस्क निळ्या पडलेल्या बघतो मी.

वरचीआळी
बघा! मोठ्या इंजिनाला पर्याय नाही म्हटलं होतं मी, पहिल्याच पानावर.

फणसाळ
वरचीआळी, १.५ लिटर टर्बोही आहेत की सेडानमध्ये. व्हर्ना २०२३पासून १६० पीएस, २५३ एनएम. व्हर्टस, स्लाव्हियाचं १.५ टीएसआय १५० पीएस, २५० एनएम, आणि सपाट रस्त्यावर गरज नसेल तर चारपैकी दोन सिलिंडर आपोआप झोपतात. बजेट बसत असेल तर तुमचं मोठं इंजिन आणि टर्बो दोन्ही घ्या.

वरचीआळी
दोन सिलिंडर झोपतात? आणि आपण पैसे चारचे द्यायचे?

कुळीथपिठी
वरचीआळीकाका, आमच्या ऑफिसात चारपैकी तीन झोपतात, पगार चौघांना.

शिरगावची_सून
मिरजोळेदादा, एक प्रश्न. वहिनी चालवतात का? सगळा धागा आईंच्या पोटावर आणि तुमच्या उजव्या पायावर चाललाय.

मिरजोळे_७
ताई, चालवते. माझ्यापेक्षा जास्तच, रोज शाळेला जा-ये करते. खरं सांगायचं तर तुमचा प्रतिसाद तिने माझ्या खांद्यावरून वाचला आणि म्हणाली, "हे तुला धाग्यात लिहायला सुचलं नाही ना?" तिचं मत लिहितो: क्लच नको. एवढंच.

चाकरमानी_ठाणे
मग निम्मा धागा संपला. टॉर्क कन्व्हर्टर.

मिरजोळे_७
मंडळी, काल चाचणी घेतली. सविस्तर लिहितो, कारण तुमच्यामुळेच नीट घेता आली.

शोरूमवाले नेहमीचा पाच किमीचा सपाट फेरा देत होते, मारुती मंदिर ते जे.के. फाइल्स आणि परत. मी म्हटलं, नाही, हातखंब्याहून निवळी घाट उतरून बावनदीपर्यंत जाणार, तिथून वळून परत चढणार, आणि घरची सगळी माणसं घेऊन. मॅनेजर आधी कुरकुरला, मग तयार झाला. डिकीत आम्ही घरून २५ किलोचं तांदळाचं पोतं नेलं होतं, ते ठेवताना सगळं शोरूम बघत होतं. पुढे आई, मागे धाकटा, बायको आणि मधे सेल्समन. म्हणजे पाच माणसं झाली.

आधी मॅन्युअल. फणसाळ यांनी लिहिलं होतं ते जसंच्या तसं. वळणावर मुद्दाम वेग तोडला, दुसऱ्यात १२०० आरपीएम, दाबलं. शांतता. मग एकदम उचल. आई म्हणाली, "काय रे, शिंक आली का गाडीला?"

मग तीच गाडी ऑटोमॅटिक, बायको चालवायला. तिथे वेग पडला की गिअरबॉक्स स्वतःच खालचा गिअर घेतो, त्यामुळे इंजिन झोपेपर्यंत वेळच येत नाही. उचल येते, पण कळेल-न-कळेल अशी. एसी चालू, पोतं मागे, आणि घाट कुठे संपला ते कळलं नाही. उतरताना लालडबा यांचा नियम पाळला, गिअर हाताने दुसऱ्यात धरून ठेवला. तरी जुन्या गाडीपेक्षा ब्रेक जास्त लागला, हे खरं.

दुसऱ्या शोरूमची बिनटर्बोची १.५, सीव्हीटीवाली (गिअरच्या पायऱ्या नसलेली ऑटोमॅटिक), तीही त्याच घाटात नेली. चढली बिनतक्रार, झटका अजिबात नाही. पण दाबलं की इंजिन एका सुरात ओरडत राहतं, आईला वाटलं काहीतरी बिघडलंय. तिने दोनदा विचारलं, "थांबवायची का?"

आणि तुम्ही सगळे ज्याची वाट बघताय ते. आईला दोन्ही गाड्यांत काहीही झालं नाही. पुढे बसली होती, आल्याची वडी तोंडात होती. पहिल्या गाडीत निवळीच्या माथ्यावर "दोन मिनिटं बाजूला घेता का?" असं म्हणाला तो सेल्समन. मधे बसलेला, मांडीवर ब्रोशर, दोन्ही बाजूंनी माणसं. आईने त्याला पर्समधली वडी दिली, पाणी पाजलं आणि म्हणाली, "बाळा, तू डिझेल का विकत नाहीस?"

तारकर्लीचो_झील
आईक माझो दंडवत सांगा.

सोलकढी_डबल
तो सेल्समन आता कोणालाही घाटात चाचणी देणार नाही. निवळीच्या पुढच्या गिऱ्हाइकांचं तुम्ही नुकसान केलंत.

वाशिष्ठीकाठ
काका, आणि ॲव्हरेज?

मिरजोळे_७
वाशिष्ठीकाठ, चाचणीच्या गाडीवर ॲव्हरेज काय बघणार? फणसाळ सांगतील.

फणसाळ
माझा मॅन्युअलचा: कुडाळ ते पणजी निवांत गेलो तर १७-१८. आंबोली चढताना ११ च्या खाली. वर्षभराची गोळाबेरीज १४. तुमची ऑटोमॅटिक, त्यातून एक-दीड वजा धरा. जुन्या गाडीपेक्षा फार काही वाचेल या आशेने घेऊ नका.

गॅरेज_खेर्डी
बुक झाली की ऑइलच्या ग्रेडचा कागद फोटो काढून पाठवा. आणि आणल्या दिवसापासून उंदराचं बघा, वॉरंटीत उंदीर येत नाही.

वरचीआळी
म्हणजे १ लिटरच घेताय?

मिरजोळे_७
हो काका, १ लिटर ऑटोमॅटिक. पण पितृपक्ष संपल्यावर. तोवर आईने सांगितलंय, रंग पांढरा नको, चिखल दिसतो, आणि काळा नको, तापतो. बायकोला लाल हवाय. यावर वेगळा धागा काढावा लागेल असं दिसतंय.

कुळीथपिठी
काढा. सेल्समनलाही बोलवा.